हापसा स्वतःच खबर देतो

देणगी दिली की पावती येते. तिच्यावर रक्कम असते, सही-शिक्का असतो, आयकर सवलतीचं कलमही असतं. आपल्या पैशांचं पुढे काय झालं, ते मात्र नसतं. लोकांना पिण्याचं पाणी मिळवून देणाऱ्या न्यूयॉर्कच्या ‘चॅरिटी: वॉटर’ या संस्थेने नेमकं तेच सांगायचं ठरवलं.

या संस्थेचा संस्थापक स्कॉट हॅरिसन हा मूळचा नाइटक्लबमध्ये पार्ट्या भरवणारा माणूस. २००६ साली आपल्या ३१व्या वाढदिवसाला त्याने दारातच प्रत्येकाकडून २० डॉलर घेतले. सुमारे ७०० जण आले, १५ हजार डॉलर जमले. त्यातून उत्तर युगांडातल्या विस्थापितांच्या छावणीत काही विहिरी नव्याने झाल्या, काही बंद पडलेल्या दुरुस्त झाल्या. मग त्या पाहुण्यांना ईमेल गेले, सोबत फोटो आणि जीपीएसवरचं ठिकाण. एका रात्री मजेत दिलेल्या वीस डॉलरचे अक्षांश-रेखांश आपल्या हातात! हे वाचून मी तरी थक्क झालो.

खरी कमाल पुढेच आहे. हापसा बसवला, फोटो काढला, म्हणजे काम संपत नाही. दोन वर्षांनी त्यातून पाणी येतंय का, हे कोण बघणार? २०१२ साली गूगलने संस्थेला ५० लाख डॉलर दिले, ते आफ्रिकेतल्या सुमारे ४,००० जलस्रोतांवर सेन्सर बसवण्यासाठी. हापशाच्या डोक्यात दडवलेलं हे यंत्र किती पाणी वाहतंय ते मोजतं आणि मोबाइल नेटवर्कवरून आकडे धाडतं. इथिओपियाच्या एखाद्या खेड्यात धार अचानक आटली, तर ते दूर बसलेल्या माणसाला कळतं आणि मेकॅनिकला तिकडे पाठवता येतं.

पण आकडे उघडे ठेवायचे तर वाईट बातमीही उघडी ठेवावी लागते, आणि मला या संस्थेचं सगळ्यात मोठं धाडस इथे दिसतं. २०१० साली मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बायाका नावाच्या स्थानिक जमातीच्या वस्तीत संस्थेने बोअर मारायला घेतला. जगभरचे देणगीदार लक्ष ठेवून होते. पाणी लागलं नाही. संस्थेने ते लपवलं नाही; अपयशाचा व्हिडिओ काढून सगळ्यांना दाखवला.

२०१६ पासून संस्थेची ‘द स्प्रिंग’ नावाची मासिक देणगीदारांची योजना सुरू आहे. सामान्य देणगीदाराचा सगळा पैसा पाण्यावरच खर्च होतो. कचेरीचा खर्च वेगळे देणगीदार उचलतात. माणसं दर महिन्याला पैसे देत राहतात, कारण त्यांना दर वेळी काहीतरी खरं कळत राहतं.

पुढच्या वेळी तुम्ही एखाद्या संस्थेला देणगी द्याल, तेव्हा पावतीबरोबर कामाचं ठिकाणही मागा. आणि वर्षभराने पुन्हा विचारा, ते काम अजून चालू आहे का.