तंबूची मालकीण

अल्जीरियाच्या दक्षिणेतील होग्गार पर्वत, नायजरमधील आयर डोंगररांग आणि मालीचा उत्तर भाग यांमधून पसरलेल्या मध्य सहारात तुआरेग समाज शतकानुशतके राहत आला आहे. उत्तर आफ्रिकेतील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे बर्बर भाषाकुलातील बोली बोलणारा हा समाज धर्माने मुस्लीम असून उंट, शेळ्या आणि मिठाचा व्यापार हे त्याच्या निर्वाहाचे परंपरागत आधार आहेत. होग्गारमधील तामनरासेत या मुख्य गावी वर्षाकाठी सरासरी ५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचाही भरवसा नसतो. पुरुष उंटांचे काफिले घेऊन बिल्मासारख्या मिठागरांकडे गेले की कित्येक महिने परतत नसत. त्या काळात मुले, शेळ्या, पाणी आणि धान्य यांचा सारा भार मागे राहिलेल्या स्त्रियांवर असे. हा भार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पेलला, यामागे केवळ त्यांची सोशिकता नव्हती. जे टिकवायचे, ते बाईच्या मालकीचे ठेवायचे, अशी व्यवस्था या समाजाने लावून घेतली होती.

या व्यवस्थेचा मध्य म्हणजे तंबू. होग्गारकडे तो शेळ्यांची कातडी कमावून व एकमेकांना जोडून केलेला असतो, तर आयर भागात लाकडी कमानींवर ताडाच्या पातींच्या चटया अंथरून उभारलेला असतो. दोन्हीकडे तो लग्नाच्या वेळी वधूच्या आप्त स्त्रिया तयार करतात आणि तो वधूचाच राहतो. काही गटांत आईच्या तंबूचा एखादा भाग काढून लेकीच्या नव्या तंबूत घालण्याची रीत आहे, त्यामुळे एकाच तंबूचे अंश आजीकडून नातीपर्यंत पोहोचतात. पुरुषाला स्वतःचा तंबू नसतो. लहानपणी तो आईच्या तंबूत वाढतो आणि लग्नानंतर बायकोच्या तंबूत येतो. घटस्फोट झाला तर तंबू, त्यातील भांडीकुंडी आणि स्वतःच्या शेळ्या बाईकडे राहतात व बाहेर पडावे लागते ते नवऱ्याला. त्यामुळे टाकलेली बाई निराधार होण्याचा जो धोका अनेक समाजांत असतो, तो येथे बराच कमी होता.

तंबूला जोडून येतो तो मालमत्तेचा प्रश्न. इस्लामी वारसा कायद्यानुसार मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो. तुआरेगांनी हा कायदा नाकारला नाही, पण त्याच्या शेजारी आपली जुनी वहिवाटही चालू ठेवली. आयर भागात ‘जिवंत दूध’ या अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वहिवाटीनुसार काही जनावरे आणि खजुराची झाडे केवळ मुली, बहिणी व भाच्या यांच्यासाठी राखून ठेवली जातात. ती विकता येत नाहीत आणि त्यांचा वारसा बायकांकडून बायकांकडेच जातो. दुष्काळी मुलखात अशा न विकता येणाऱ्या मालमत्तेचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

आईच्या बाजूने वारसा चालवण्याची ही पद्धत सहारात फार जुनी आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये वाळवंट ओलांडून आजच्या मॉरिटानियातील वलाता येथे पोहोचला, तेव्हा तेथील बर्बर लोकांत वारसा मुलाऐवजी बहिणीच्या मुलाकडे जातो, हे पाहून तो चकित झाला आणि असा प्रकार आपण याआधी मलबारातच पाहिला होता, अशी नोंद त्याने केली. होग्गारच्या सरदारपदाचा हक्कही परंपरेने आईच्या बाजूने ठरत असे. यावरून तुआरेगांत स्त्रीराज्य होते, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही, कारण ते सरदारपद आईमुळे मिळत असले तरी त्यावर बसत असे तो पुरुषच.

होग्गारमधील सरदार घराणी आपले मूळ तिन हिनान नावाच्या स्त्रीपर्यंत नेतात. आख्यायिका अशी, की ती मोरोक्कोच्या ताफिलालत प्रदेशातून ताकामत या सोबतिणीसह निघाली. वाटेत शिधा संपला आणि उपासमारीची वेळ आली, तेव्हा मुंग्यांच्या वारुळांत साठलेले धान्य ताकामतच्या लक्षात आले आणि सोबतच्या दासींनी ते उकरून काढल्यामुळे सगळ्यांचा जीव वाचला. १९२५ मध्ये तामनरासेतच्या पश्चिमेला अबालेसा येथील एका दगडी वास्तूत उत्खनन झाले, त्यात सोन्याचांदीची कंकणे ल्यालेल्या एका स्त्रीचा सांगाडा सापडला. तो इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातील, म्हणजे इस्लामपूर्व काळातील मानला जातो. हीच तिन हिनान, असे सर्रास सांगितले जाते, पण नावाचा आणि सांगाड्याचा सांधा जुळवणारा ठोस पुरावा नाही.

आख्यायिकेतील एक तपशील मात्र नजरेआड होऊ नये: धान्य उकरले ते दासींनी. सरदार घराण्यांतील स्त्रियांना काव्य, वादन आणि मैफली यांसाठी जी उसंत मिळत असे, ती गुलाम स्त्रियांच्या कष्टांवर उभी होती. पाणी आणणे, सरपण गोळा करणे, रानटी गवतांचे बी झोडून आणणे आणि बाजरी कांडणे ही कामे मुख्यतः या स्त्रियांकडे असत. तुआरेग स्त्रीच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणारे युरोपीय प्रवासी या दुसऱ्या स्त्रीविषयी फारसे बोलत नाहीत. नायजरमध्ये गुलामगिरी फौजदारी गुन्हा ठरली ती २००३ मध्ये.

जगण्याच्या साधनांबरोबर भाषा आणि संगीतही स्त्रियांच्याच हाती राहिले. तिफिनाग ही तुआरेगांची प्राचीन लिपी मुलांना परंपरेने आईकडून मिळते आणि पाटीचे काम वाळू करते. इमझाद हे एकतारी वाद्य अर्ध्या भोपळ्यावर शेळीचे कातडे ताणून व घोड्याच्या केसांची तार लावून बनवतात. ते फक्त स्त्रिया वाजवतात. युनेस्कोने २०१३ मध्ये या परंपरेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. तिंदे हे चर्मवाद्य तर थेट स्वयंपाकाच्या कामातून आले आहे. धान्य कांडायच्या उखळावर ओले कातडे ताणून त्याच्या दोन बाजूंना मुसळे बांधतात, त्यांवर दोघी जणी बसल्या की कातडे ताठ राहते आणि बाकीच्या टाळ्यांच्या साथीने गातात. आज जगभर ऐकल्या जाणाऱ्या तुआरेग गिटारसंगीताच्या तालांची मुळे बरीचशी या उखळात आहेत. नायजरमधील फातू सेदी घाली या कलावतीने तर तिंदे आणि गिटार यांना एकत्र आणून, पुरुषांचे मानले गेलेले गिटार स्वतःच हाती घेतले.

या साऱ्या व्यवस्थेची कठोर परीक्षा १९६८ ते १९७४ आणि पुन्हा १९८०च्या दशकातील दुष्काळांत झाली. कळप मेले, तरुण मजुरीसाठी लिबिया व अल्जीरियाकडे गेले आणि तंबू पुन्हा बायकांच्या भरवशावर उरले. अशा वेळी शेळी उपयोगी पडते, कारण उंटिणीला तेरा महिन्यांनी एक पिल्लू होते, तर शेळी पाच महिन्यांत विते आणि अनेकदा जुळी देते. पुरुषांची प्रतिष्ठा उंटांवर आणि बायकांची मालकी शेळ्यांवर, या जुन्या वाटणीत पडता काळ निभावण्याची ताकद दुसऱ्या बाजूला अधिक होती.

दुष्काळापेक्षा खोल बदल मात्र स्थिर वस्तीमुळे घडत आहे. अगादेझसारख्या शहरांभोवती आणि आयरच्या खेड्यांत कुटुंबे मातीच्या घरांत राहू लागली आहेत. असे घर पुरुष बांधतो आणि ते त्याच्याच मालकीचे राहते, म्हणजे संसार मोडला तर आता घराबाहेर पडण्याची पाळी बाईवर येते. अनेक स्त्रियांनी यावर उपाय शोधला आहे: नवऱ्याचे मातीचे घर उभे राहिले तरी त्याच अंगणात, घराच्या शेजारी, त्या आपला तंबूही उभारून ठेवतात.