रोज दोन किलो भाजी आणायची कुठून?

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही विहारात साखर आणि रक्तदाब तपासतो. नर्सिंगची पदविका घेतल्यावर आम्ही कितीतरी वर्षे वॉर्डात काढली. त्यामुळे पाठ झालेला सल्ला आपोआप तोंडातून निघतो : पालेभाजी खा, फळ खा, तळलेले आणि खारट कमी करा. मागच्या पावसाळ्यात एका मावशींनी हा सल्ला शांतपणे ऐकून घेतला. त्या चार घरची धुणीभांडी करतात. साखर अडीचशेच्या वर गेलेली. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं पटतं. पण मी घरी येते रात्री आठला. तेव्हा नाक्यावर आलूबोंडा मिळतो, दुकानात पाच रुपयांचा चिप्सचा पुडा मिळतो. पालेभाजी मिळत नाही. मिळाली तर सुकलेली. घरात आम्ही पाच माणसं, एक जुडी कुणाच्या ताटात वाढू?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन हिशेब केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एका मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 400 ग्रॅम भाजी आणि 100 ग्रॅम फळे सांगितली आहेत. म्हणजे पाच माणसांच्या घरात रोज दोन किलो भाजी आणि अर्धा किलो फळे! आपल्या वस्तीतल्या किती घरांत ती येते? येत नसेल, तर तो त्या घरातल्या बाईचा आळस म्हणायचा का? आम्ही इतकी वर्षे नकळत तेच म्हणत आलो होतो.

हाच प्रश्न ज्यांना पडला आणि ज्यांनी त्याचे उत्तर हातात कुदळ घेऊन शोधले, त्या एका बाईंची ओळख आज करून देत आहोत. त्यांचे नाव कॅरन वॉशिंग्टन. बाबासाहेब 1913 ते 1916 ज्या न्यूयॉर्क शहरात शिकले, त्याच शहरातल्या त्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या. पेशाने फिजिओथेरपिस्ट, म्हणजे आमच्यासारख्याच रुग्णांत वावरणाऱ्या.

जळालेली वस्ती आणि कचऱ्याचा भूखंड

न्यूयॉर्कच्या उत्तरेला ब्राँक्स नावाचा भाग आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत शहरांचे नकाशे काढले गेले. ज्या वस्त्यांत काळे लोक राहत, त्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने रंगवल्या. लाल रंग म्हणजे इथे कर्ज देण्यात धोका. कर्ज नाही म्हणून घरांची दुरुस्ती नाही, नवे दुकान नाही. 1970 च्या दशकात दक्षिण ब्राँक्समध्ये इमारतीमागून इमारत जळाली. काही मालकांनी विम्याच्या पैशासाठी स्वतःच आगी लावल्या, आणि त्याच काळात शहराने खर्च वाचवण्यासाठी अग्निशामक केंद्रे बंद केली. मागे उरले ते विटा, टायर आणि कचऱ्याने भरलेले मोकळे भूखंड.

1985 मध्ये कॅरन वॉशिंग्टन एकटीने दोन मुले वाढवत या भागात राहायला आल्या. घरासमोर असाच एक भूखंड होता. तीन वर्षे त्या खिडकीतून तो कचरा पाहत होत्या. 1988 मध्ये एके दिवशी तिथे एक शेजारी फावडे घेऊन उभा दिसला. काय करता, असे विचारल्यावर तो म्हणाला, इथे बाग करावी असे मनात आहे. मी मदत करू का, एवढेच त्यांनी विचारले. शेजारीपाजारी जमले. कचरा उपसला. ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानाच्या लोकांनी माती, रोपे आणि माहिती दिली. त्या जागेला नाव मिळाले 'गार्डन ऑफ हॅपीनेस', आनंदाची बाग.

बाग म्हणजे फुलांचे ताटवे नव्हेत. टोमॅटो, मिरची, वांगी, घेवडा, पालेभाज्या, म्हणजे घरी शिजेल ते. अशा जागांतल्या मातीत जुन्या रंगाचे शिसे असू शकते, म्हणून तिथे लाकडी चौकटी करून त्यांत बाहेरची स्वच्छ माती भरून भाजी लावण्याची रीत आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे नाल्याच्या कडेला, सांडपाण्यावर पालेभाजी पिकते आणि ती आपल्याच ताटात येते.

जमिनीला भाव आला तेव्हा

लोकांनी घाम गाळून जागा साफ केली की जागेला भाव येतो. 1999 मध्ये न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी शहरातल्या शंभराहून अधिक सामुदायिक बागांचा लिलाव करायचे ठरवले. बागांवर बुलडोझर येणार अशी वेळ आली. कॅरन वॉशिंग्टन आणि आसपासच्या बागांतले लोक आधीच एकत्र आले होते. त्यांनी 'ला फामिलिया वेर्दे', म्हणजे 'हिरवे कुटुंब', नावाची आघाडी बांधली होती. शहरभर निदर्शने झाली, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर लिलावाच्या तोंडावर दोन सेवाभावी संस्थांनी त्या बागा विकत घेऊन वाचवल्या. त्यांतली एक संस्था अभिनेत्री बेट मिडलर यांनी काढलेली.

एकेकटी बाग पुसून टाकणे सोपे असते. सगळ्या बागा एका आवाजात बोलल्या म्हणून टिकल्या. संघटित होण्याचा अर्थ आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

मंडी शेजारी, ताट रिकामे

आता एक विचित्र गोष्ट ऐका. न्यूयॉर्कचा सर्वांत मोठा ठोक भाजीबाजार आहे हंट्स पॉइंट, आणि तो आहे ब्राँक्समध्येच. रोज ट्रकांच्या रांगा तिथे येतात आणि शहरभर भाजी, फळे घेऊन जातात. ब्राँक्सच्या वाट्याला येतो त्या ट्रकांचा धूर. तिथल्या मुलांमध्ये दम्याचे प्रमाण मोठे आहे. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात मात्र मिळते काय, तर सोडा, चिप्स आणि गोड पाव. न्यूयॉर्क राज्यात 62 काउंटी, म्हणजे जिल्हे आहेत. त्यांच्या आरोग्याच्या क्रमवारीत ब्राँक्सचा नंबर वर्षानुवर्षे 62 वा लागत आला.

कॅरन वॉशिंग्टन हे सगळे रुग्णांच्या अंगावर पाहत होत्या. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार. औषधांची यादी लांबत जाई, पण काय खाता आणि ते कुठे मिळते, हे कोणी विचारत नसे. मग बागवाल्यांनी ठरवले की बाजार आपणच भरवायचा. 2003 च्या सुमारास ट्रेमाँट भागात त्यांचा बाजार सुरू झाला. बागांत पिकलेली भाजी एवढ्या लोकांना पुरणार नव्हती, म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांचा मालही आणला.

पण ताजी भाजी आली म्हणजे परवडतेच असे नाही. अमेरिकेत गरीब कुटुंबांना सरकारकडून अन्नासाठी मदत मिळते, पूर्वी कुपनावर आणि आता कार्डावर. ही मदत शेतकरी बाजारात चालली पाहिजे, यावर तिथल्या कार्यकर्त्यांनी जोर दिला. 2005 पासून न्यूयॉर्कच्या आरोग्य विभागाने 'हेल्थ बक्स' नावाची कुपने काढली. शेतकरी बाजारात कार्डावर 5 डॉलरची खरेदी केली की 2 डॉलरचे कुपन मिळे, आणि त्यावर फक्त ताजी फळे-भाजी घेता येई. सुरुवात दक्षिण ब्राँक्समधूनही झाली. गरिबाच्या पिशवीत भाजी आणि लहान शेतकऱ्याच्या हातात पैसा, दोन्ही कामे एका कुपनाने झाली.

वाळवंट नव्हे, वर्णभेद

अशा भागांना तिथले तज्ज्ञ 'अन्नाचे वाळवंट' म्हणत. कॅरन वॉशिंग्टन यांनी या शब्दालाच हरकत घेतली. वाळवंट निसर्ग करतो, त्यात कोणाचा दोष नसतो. शिवाय वाळवंट म्हटले की तिथे काही नाही, कोणी नाही, असे वाटते. इथे तर माणसे आहेत, त्यांचे कसब आहे, आणि पोटात ढकलायला पदार्थही भरपूर आहेत. ताजे अन्न कोणत्या रस्त्यावर जाईल आणि पाकिटातले कोणत्या, हे माणसांनी ठरवलेले आहे. म्हणून याला 'अन्नाचा वर्णभेद' म्हणा, असे त्या सांगतात. शब्द बदलला की प्रश्नही बदलतो. "तुम्ही भाजी का खात नाही?" असे न विचारता "भाजी तुमच्यापर्यंत का येत नाही?" असे विचारावे लागते.

2010 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय शहरी शेतकऱ्यांचे संघटन उभे करण्यात पुढाकार घेतला. 2014 मध्ये नोकरीतून निवृत्त झाल्यावर सहकारी मैत्रिणींसोबत न्यूयॉर्कजवळ चेस्टर येथे शेती सुरू केली. फुकटच्या अन्नवाटपावर लोकांना कायम अवलंबून ठेवू नका. जमीन, धंदा आणि निर्णय त्यांच्या हाती येऊ द्या, हा त्यांचा आग्रह आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बागा आणि बाजार यांमुळे ब्राँक्सचा मधुमेह संपलेला नाही. मजुरी, घरभाडे, दवाखाना हे प्रश्न भाजीच्या जुडीने सुटत नाहीत. पण बाजार कुठे आणि कधी भरावा, हे वस्तीतल्या लोकांना ठरवता येते, एवढे तिथे सिद्ध झाले आहे.

आपल्या वस्तीत

आम्ही काय केले तेही सांगतो. पहिल्यांदा चार बायांनी पैसे गोळा केले आणि रविवारी पहाटे ठोक बाजारातून भाजी आणली. पहिल्याच आठवड्यात चुकलो. स्वस्त दिसली म्हणून पालकाची पोतीच उचलली, निम्मी सडली. पुढच्या वेळी शनिवारी संध्याकाळी प्रत्येक घरी काय हवे ते लिहून घेतले. मग नासाडी थांबली, आणि दारावरच्या भावापेक्षा भाजी स्वस्त पडली.

दुसरे काम वेळेचे. जवळच्या गावातली एक शेतकरी बाई आठवडी बाजारात बसायची. आम्ही तिला म्हटले, बुधवारी संध्याकाळी साडेसहा ते नऊ विहाराच्या बाहेर बस. कामावरून परतणाऱ्या बायांच्या वाटेवर भाजी आली, तेव्हा ती विकली गेली. अंबाडी, चवळई, शेपू, पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ. तरोट्याची भाजी पाहून म्हाताऱ्या बायांचे डोळे भरून आले. ही भाजी आपली आई रानातून खुडून आणायची, आणि गरिबाची म्हणून आपणच ती टाकून दिली होती. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि अंबाडी हे गरिबीचे ताट नाही. मधुमेहाच्या रुग्णाला बिस्किट-चहापेक्षा ते कितीतरी हिताचे आहे.

एकदा त्या बाईला उठवायला माणसे आली. तेव्हा आम्हाला कायदा वाचावा लागला. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. महाराष्ट्रात 2016 पासून फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आहे, त्यामुळे शेतकरी थेट आपल्याला माल विकू शकतो. शेतकरी बाजार मोठ्या सोसायट्यांच्या दारात भरतात, तर वस्तीच्या दारात का नाहीत? ही मागणी अर्ज लिहून, सह्या घेऊन नगरसेवकाकडे आणि प्रशासनाकडे करता येते. आमचा अर्ज दिलेला आहे. उत्तर यायचे आहे.

सुरुवातीच्या त्या मावशी आता बुधवारी हमखास थांबतात. त्यांची साखर खाली आली आहे, पण अजून हवी तेवढी नाही. गोळ्या चालूच आहेत, आणि त्या चालूच राहतील.

एवढे लक्षात ठेवा

- भाजी वाढवली म्हणून साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोणती भाजी आणि किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.
- नाल्याच्या पाण्यावरची भाजी टाळा. डब्यात, कुंडीत लावायची तर स्वच्छ माती घ्या. रंगाचे, रसायनांचे जुने डबे वापरू नका.
- पालेभाजी आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा, मग चिरा. चिरून धुतली तर जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात.
- दिवसभरात मीठ एका छोट्या चमच्यापेक्षा जास्त नको. लोणचे, पापड आणि चिप्स यांतले मीठही त्यातच मोजा.
- मुलाच्या हातात पाच रुपये देण्याऐवजी त्याच पैशांचे फुटाणे किंवा केळे द्या.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा एक चिठ्ठी सोबत आणा. तुमच्या गल्लीत ताजी भाजी कुठे मिळते, किती वाजता मिळते आणि काय भावाने मिळते, एवढेच लिहा. लिहिता येत नसेल तर येऊन सांगा, आम्ही लिहून घेऊ. सगळ्या गल्ल्यांच्या चिठ्ठ्या जोडून आम्ही आमच्या अर्जाच्या मागे लावणार आहोत.

जय भीम!