चौदा जण, चौसष्ट लेणी, एक वीकेण्ड

अजिंठा-वेरूळ दोन दिवसांत होतं का? होतं. फक्त काय सोडायचं, हे ग्रुपनं ठरवायला हवं!

शाळेच्या सहलीत तुम्ही अजिंठा-वेरूळ बघितलेलं असतंच. बसमध्ये सांडलेली बटाट्याची भाजी आठवते, दर अर्ध्या तासाने मोजणी करणाऱ्या बाई आठवतात. लेणी? ती काही आठवत नाहीत. मग नोकरी लागते, ऑफिसात कोलकात्याची, कोचीची मंडळी भेटतात आणि एक दिवस कुणीतरी विचारतं, 'तुमच्याकडे ते अजंता आहे ना, कसं आहे?' आपण 'एकदम सही' म्हणतो आणि विषय बदलतो.

आमचा ग्रुप या एका प्रश्नावरूनच जमला. पुण्यातले चौदा जण. तिघंचौघं सोडले तर कुणी कुणाला नीट ओळखत नव्हतं; मित्राचा मित्र, त्याची कलिग, तिची रूममेट असा सगळा मामला. सप्टेंबरचा महिना, सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर आणि शुक्रवारी रात्री अकराला शिवाजीनगरहून प्रस्थान. पहाटे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद.

कुठल्याही ग्रुपमध्ये एक प्रोजेक्ट मॅनेजर असतोच. आमच्याकडच्याने एक्सेल शीट करून आणली होती. शनिवारी अजिंठा, संध्याकाळी बीबी का मकबरा आणि पाणचक्की. रविवारी दौलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, आणि येताना 'जमलं तर' शिर्डी. दोन दिवसांत सात स्पॉट! कोलकात्याची ग्राफिक डिझायनर ती शीट बराच वेळ बघत बसली आणि तिच्या नव्या नव्या मराठीत म्हणाली, 'मग बघायचं कधी?' सगळे हसले. शीट काही बदलली नाही.

शहरापासून अजिंठा साधारण शंभर किलोमीटर. गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला सोडायची आणि तिथून शटल बस घ्यायची, कारण खासगी गाड्यांचा धूर लेण्यांपर्यंत पोहोचू नये. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा कडा आणि त्यात ओळीने तीस लेणी. सप्टेंबरात कडा हिरवागार असतो, टोकाला धबधबा असतो. चौदा जणांचे फोन एकदम बाहेर आले, हे सांगायला नकोच.

मग पहिल्या नंबरच्या लेण्यात शिरलो आणि... काहीच दिसेना. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आलं की डोळ्यांपुढे नुसता काळोख. रंग जपायचे म्हणून आतले दिवे मंद ठेवलेले, फ्लॅशला सक्त मनाई. दोन मिनिटांत मागून आवाज आला, 'झालं का? पुढच्याला चला.' आणि अर्धा ग्रुप चप्पल शोधायला बाहेर! उरलेले तिथेच थांबले. चार-पाच मिनिटांनी डोळे सरावतात. आधी छताची नक्षी दिसते, मग भिंतीवरची माणसं, मग गाभाऱ्याच्या डावीकडे हातात कमळ घेतलेला, मान किंचित कललेला पद्मपाणी. शाळेच्या पुस्तकातला तोच. पण पुस्तकात त्याच्या आजूबाजूची गर्दी नसते. तो त्या गर्दीत उभा राहून खाली बघतोय, हे तिथेच कळतं.

हे रंग पाचव्या शतकातले, वाकाटकांच्या काळातले. दगडावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात आणि तो सुकल्यावर रंग. पिवळा-तांबडा गेरूचा, काळा काजळीचा. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दगड मात्र दूर अफगाणिस्तानकडून यायचा. इतक्या लांबून आणलेला रंग आपण दोन मिनिटांत उरकायचा?

अजिंठ्याला आलेला पहिला प्रसिद्ध ग्रुपही घाईतलाच होता. २८ एप्रिल १८१९ ला शिकारीला निघालेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना झाडीत एक कमान दिसली. त्यातल्या जॉन स्मिथ या कॅप्टनने दहाव्या लेण्यातल्या खांबावर, तिथल्या चित्रावरच, स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. आज ते नाव आपल्या डोक्याच्या बरंच वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात मातीचा ढीग साचला होता आणि साहेब त्यावर उभे होते. आमच्या ग्रुपने या सहीचा जेवढ्या उत्साहाने शोध घेतला, तेवढा बुद्धाचाही घेतला नाही. अर्थात साहेब एकटे नाहीत. त्यांच्यानंतर बदाम काढणारे आपलेही कितीतरी वीर होऊन गेले. सतराव्या लेण्यात तर आमच्यादेखत एकाने फ्लॅश मारला. गार्डने शिट्टी वाजवली, तेव्हा तो त्याच्यावरच डाफरला. एका फ्लॅशने काय होतंय, हे त्याचं म्हणणं. रोजची हजार माणसं तेच म्हणू लागली तर? आणि फ्लॅश सोडा, आपला नुसता श्वास, घाम, आपण आत नेतो ती दमटसुद्धा या रंगांना सोसत नाही. म्हणून तर रंगीत लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. चौदा जणांनी एकदम घुसायची ही जागाच नाही.

या चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये आला आणि वीसेक वर्षं खपला. त्याचे बहुतेक कॅनव्हास १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेले. मग १८७२ पासून मुंबईच्या जेजे स्कूलचे विद्यार्थी ग्रिफिथ्स सरांबरोबर इथे येऊन पुन्हा नकला करायला बसले. ते काम १८८५ पर्यंत चाललं. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या! म्हणजे भिंतीवर उरलंय ते आणि तेवढंच.

रात्री नान-कलियावर ताव मारताना एक्सेल शीट पुन्हा निघाली. मकबरा आणि पाणचक्की हुकलेली होतीच. आता शिर्डीवर काट मारली. प्रोजेक्ट मॅनेजर थोडा घुश्शात होता, पण मग त्यानेच तोडगा काढला: रविवारी ग्रुप फोडायचा. ज्यांना चढायचंय त्यांनी दुपारी दौलताबाद करायचं, बाकीच्यांनी वेरूळलाच थांबायचं. एकत्र ट्रिपला येऊन वेगळं फिरायचं, म्हणून दोघं-तिघं खट्टू झाले. माझं मत विचाराल तर रात्रभराच्या गप्पा, गाणी, चहा हे ग्रुपने करायचं. लेणं बघायचं ते दोघातिघांनी.

वेरूळला सकाळी लवकर पोहोचलो. चौतीस लेणी: बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन. मी सगळी बघितली नाहीत. कैलास लेणं मात्र दोनदा बघितलं. एकदा आतून आणि एकदा बाजूच्या टेकाडावरून. वरून बघितल्याशिवाय ते कळतच नाही, कारण ते वरूनच खाली कोरत आणलंय. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. आधी कळस, शेवटी पाया. मध्ये चूक झाली तर 'अन्डू' नाही! आमच्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हा मुद्दा फारच लागला. खिशातली हिरवट-पिवळी वीसची नोट उलटून बघा, मागे वेरूळच आहे. दहाव्या लेण्यात, म्हणजे 'सुतार झोपडीत', छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या आहेत. आत हळूच एक सूर लावा, तो बराच वेळ घुमत राहतो.

दौलताबादवाले सहा जण घामाघूम होऊन परतले. किल्ल्यातल्या अंधाऱ्या भुयारात वटवाघळांचा वास असा बसतो की ट्रॅव्हलरच्या खिडक्या नगरपर्यंत उघड्या ठेवाव्या लागल्या.

तुम्ही जाणार असाल तर, अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. लाँग वीकेण्डला हे विसरू नका. चपला सहज निघतील अशा घाला, पावसाळ्यात मोज्यांचा एक जादा जोड ठेवा. आम्हाला गाडी, एक रात्र मुक्काम आणि खाणं धरून माणशी साडेतीन हजार पडले.

सोमवारी सकाळी चौदाच्या चौदा जण आपापल्या ऑफिसात वेळेवर हजर होतो. जागे किती होतो, ते विचारू नका.