बोटभर पात्याचे गणित

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कोयत्याशिवाय रानात पाऊल पडत नाही. डोळखांबकडचा माळ असो की माळशेजचा पायथा, म ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी यांपैकी कोणाच्याही घरी कुडाला खोचलेला कोयता सापडतोच. राबासाठी कवळ (भातरोपांची जागा भाजायला लागणाऱ्या पाल्याच्या फांद्या) तोडणे, कुंपणाच्या काटेरी फांद्या छाटणे, सरपण फोडणे, बांबू चिरणे ही कामे त्याचीच. भात कापायला विळा. त्यातही कृषी विद्यापीठाची शिफारस दातेरी वैभव विळ्याची, आणि कापणी जमिनीलगत करण्याची. कारण खोडकिड्याच्या अळ्या मागे राहिलेल्या धसकटात मुक्काम करतात. म्हणजे हत्याराचा घाट कधी पिकावरून ठरतो, कधी किडीवरून.

कोयता आणि विळा यांच्या खाली मात्र एक मोकळी जागा आहे. खिशात मावेल, मिटेल आणि बारीक काम करील असे पाते या भागात कोणी मुद्दाम घडवलेले नाही. ती उणीव दाढीचे ब्लेड, स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकच्या मुठीची सुरी किंवा शहरातून आलेला चकचकीत चाकू भागवतो, आणि तिन्ही अपुरे पडतात. मोठा घडीचा चाकू घेऊन त्याची मापे कमी केली की लहान चाकू तयार होईल, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. का होत नाही, हे समजले की लहान चाकू कसा असावा याचेही उत्तर मिळते.

पाते किती लांब?

लांबी कामाला विचारावी. पहिले काम कलमाचे. आंब्याच्या कोय कलमात नुकतीच उगवलेली, तांबूस पानांची रोपे घेतात. कोयीपासून सहा-आठ सेंटिमीटरवर शेंडा छाटतात, खोडाला मधोमध चार-पाच सेंटिमीटर चीर देतात आणि तेवढ्याच लांबीची पाचर केलेली काडी तिच्यात बसवून पट्टीने बांधतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे काम उरकायचे असते. पाचरेची बाजू एकाच ओढीत, सपाट निघायला हवी. दोन-तीनदा खरवडली तर पृष्ठभाग वरखाली होतो, सालीखालचे जिवंत थर एकमेकांना भिडत नाहीत आणि कलम वाळते. पाच सेंटिमीटरचा काप ओढायला सहा सेंटिमीटर धार पुरते. दहा सेंटिमीटरचे पाते इथे अडचणच करते, कारण टोक हातापासून लांब गेले की अंगठ्याचा ताबा सुटतो.

दुसरे काम भेंडीचे. भातानंतर पाण्याची सोय असलेल्या शेतांत या दोन्ही तालुक्यांत भेंडी होते आणि निर्यातीसाठीही जाते. दिवसाआड तोडणी करावी लागते. देठ ओढून तोडला तर साल निघते आणि फळ काळे पडते. देठ कापला तर माल टिकतो. त्याला दोन सेंटिमीटर धारही पुरे. पावसाळ्याच्या तोंडाला शेवळ्याचे कोंब मातीलगत कापणे, दोरी तोडणे, बांबूच्या बेळाची कड काढणे ही बाकीची कामेही बोटभर पात्यात बसतात. सहा सेंटिमीटर हे माप असे कामांमधून येते. मोठ्या चाकूची लांबी निम्मी करून ते काढलेले नाही.

निम्मे केले की काय होते?

समजा, एका चांगल्या मोठ्या चाकूची सगळी मापे निम्मी केली: लांबी, रुंदी, जाडी, खीळ, स्प्रिंग, सगळेच. वजन एक-अष्टमांश होते, तो आनंद. पण टोकावर जोर दिल्यावर पाते किती सोसेल हे रुंदी आणि जाडीचा वर्ग यांच्या गुणाकाराला लांबीने भागून ठरते. निम्म्या मापात ही ताकद चतुर्थांशावर येते. हात मात्र तोच, जोरही तोच. पात्याला उघड्या स्थितीत धरून ठेवणाऱ्या पाठीमागच्या स्प्रिंगची गत याहून वाईट. तिचा दाब चतुर्थांश होतो, आणि तो खिळीपासून निम्म्या अंतरावर पडतो. म्हणून पाते मिटू न देणारा पीळ आठव्या हिश्शावर येतो. मोठा चाकू घट्ट उघडा राहतो आणि त्याची हुबेहूब लहान प्रत काम करता करता बोटावर मिटते, ती या हिशेबामुळे.

तिसरी अडचण कारागिराच्या हाताची. खीळ आणि भोक यांच्यात केसभर फट राहतेच. चाकू लहान केला म्हणून ती फट लहान होत नाही. टोक पूर्वीइतकेच हलते, पण पाते निम्मे असल्याने तो खिळखिळेपणा दुपटीने जाणवतो.

चौथी अडचण तळहाताची. घडीच्या चाकूत पाते मुठीत मावले पाहिजे, आणि मूठ बोटांत मावली पाहिजे. पकडीला किमान तीन बोटांची जागा हवी, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने देशभरातल्या शेतमजुरांच्या शरीरमापांचा संग्रह २००९ साली प्रसिद्ध केला, त्यात स्त्री-पुरुषांची मापे स्वतंत्र आहेत. हे महत्त्वाचे, कारण भेंडी तोडणारे बरेचसे हात बायकांचे असतात. खिसा कितीही लहान असला तरी मूठ हातापेक्षा लहान करता येत नाही. त्या मापाखाली गेलात की चाकू मुठीत धरायचा राहत नाही, चिमटीत धरायचा होतो. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचे ५८ मिलिमीटरचे छोटे मॉडेल असेच आहे. दोरा, पाकीट, नखे यांसाठी उत्तम. कलमाच्या काडीपुढे त्याचा निभाव लागत नाही.

अडकित्ता आणि लोहाराचा मुलगा

हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. बार्शीचे अडकित्ते प्रसिद्ध आहेत आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे नाना घाट पाहायला मिळतात. घरचा अडकित्ता मोठा, चंचीतला लहान. पण सुपारी दोघांनाही तीच फोडायची. दांडे आखूड केले की तरफेचा फायदा घटतो. उपाय एकच: सुपारी बिजागरीच्या जास्त जवळ धरायची आणि त्यासाठी पात्याचा बाक बदलायचा. चांगला लहान अडकित्ता ही मोठ्याची प्रत असूच शकत नाही.

फ्रान्सच्या सव्हॉय या डोंगराळ भागातली गोष्ट शहापूर-मुरबाडला आणखी जवळची आहे. जोसेफ ओपिनेल याचे वडील कुऱ्हाडी, कोयते आणि छाटणीची हत्यारे घडवत. मुलाने १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू तयार केला. १८९७ मध्ये त्याने तो १ ते १२ अशा क्रमांकांत काढला. सहा क्रमांकाचे पाते सात सेंटिमीटर, आठचे साडेआठ, बाराचे बारा. सर्वांत लहान क्रमांक १, अवघ्या दोन सेंटिमीटर पात्याचा. १९३५ मध्ये तो आणि ११ क्रमांक बंद झाले. एकच चाकू इतक्या मापांत काढणाऱ्यालाही खालच्या टोकाला मर्यादा भेटलीच.

जपानच्या मिकी शहरातला हिगोनोकामी चाकू तर या कोड्याचे सर्वांत स्वस्त उत्तर आहे. त्यात स्प्रिंग नाही, खटका नाही. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक खीळ आणि पात्याच्या मागे निघालेला छोटा दांडा. चाकू धरला की अंगठा आपोआप त्या दांड्यावर येतो आणि पाते मिटत नाही. लहान केल्यावर जो भाग सर्वांत आधी कमकुवत होतो तोच इथे काढून टाकला आहे. कुलूप म्हणजे वापरणाऱ्याचा अंगठा. शाळकरी मुले त्याने पेन्सिली तासत.

कायद्याची पट्टी

खिशातला चाकू म्हटला की रामपुरी आठवतो. रामपूरचा हा खटक्याचा चाकू नऊ ते बारा इंचांचा. हिंदी सिनेमाने त्याला गुंडाच्या हातात दिले. पुढे उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांच्या चाकूंवर बंदी घातली आणि तो धंदाच आखडला. देशाच्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांच्या एका वर्गात येतात, मात्र घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी केलेली वगळून. म्हणूनच कोयता उजळ माथ्याने फिरतो. पण सणावाराला किंवा निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, तेव्हा त्यात चाकू-सुरेही असतात.

यातून रचनेसाठी दोन गोष्टी निघतात. बटण दाबून झटक्यात उघडणारी यंत्रणा नको. तिने शेतकऱ्याला काही मिळत नाही, संशय तेवढा मिळतो. आणि टोक भोसकणारे नसावे. कलमाच्या चाकूला टोकाची गरजच नसते. पाठ धारेकडे उतरत आलेले बोथट नाक पुरते.

घडवायचा कोणी, कशाचा?

गावचा लोहार कोयता घडवतो तो बहुधा ट्रकच्या जुन्या पाट्यातून. पोलाद चांगले, पण जाडी जास्त. ते ठोकून दोन मिलिमीटरवर आणणे म्हणजे कोळसा आणि वेळ दोन्ही जाळणे. शिवाय इतके पातळ पाते पाणी पाजताना वाकते किंवा तडकते. त्यापेक्षा कारखान्यातल्या यांत्रिक करवतीची टाकाऊ पाती सोयीची. ती मुळातच पातळ आणि टणक असतात. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या भंगारात शोधण्याजोगा तो माल आहे. भट्टीत न घालता सहाणेवर, पाण्यात बुडवत बुडवत आकार द्यायचा, म्हणजे मूळचा टणकपणा उतरत नाही. भोक मात्र साध्या ड्रिलला दाद देत नाही. ती एक पायरी वर्कशॉपमध्ये करून घ्यावी लागेल.

धार एकाच बाजूने, दुसरी बाजू सपाट: कलमाची पाचर सरळ निघते ती यामुळे. हे पाते डावखुऱ्यासाठी उलटे करावे लागेल. मूठ सागाची, कारण साग पावसात फार फुगत नाही. ओपिनेलची लाकडी मूठ ओली झाली की पाते अडकते, आणि इथे तर वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यामुळे पाते आणि लाकूड यांच्यात दोन्हीकडे पितळी वायसर हवेत. खीळ ठोकून बंद न करता नट-बोल्ट घालावा. ढिला झाला की शेतकऱ्यालाच घरी आवळता येतो.

एकूण आराखडा असा: पाते सहा सेंटिमीटर, जाडी दोन मिलिमीटर, मूठ साडेआठ सेंटिमीटर, मागे अंगठ्याचा दांडा, स्प्रिंग आणि खटका नाही. लांबी कमी झाली तरी जाडी जवळजवळ मोठ्या चाकूइतकीच ठेवली आहे, आणि मूठ हाताच्या मापाची. म्हणजे मोठ्या चाकूतले एकच माप खऱ्या अर्थाने लहान झाले.

पौषातल्या म्हसा यात्रेला बैलबाजारासाठी मुरबाड-शहापूरचा शेतकरी येतोच. असा चाकू तिथे मांडला तर त्याची पारख खिशात घालून व्हायची नाही. गिऱ्हाईक हिरवी काडी मागेल, एक तिरपा काप ओढील आणि कापलेली बाजू उन्हाकडे धरून ती सपाट आली आहे का ते पाहील. त्या एका कापावरच किंमत ठरावी, आणि ती कोयत्यापेक्षा कमी असावी.