मेंदूतील फुगा आणि धातूची जाळी

‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांतील मृत्यूंचा अभ्यास केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झाला होता. आपण ज्याला लकवा म्हणतो तो हाच. त्यातील शंभरांपैकी सुमारे पाच जणांत कारण निराळे असते. त्याला ‘अ‍ॅन्युरिझम’ म्हणतात. त्याविषयी थोडेसे लिहावे असे मला वाटले.

मेंदूच्या तळाशी धमन्यांना जेथे फाटे फुटतात, तेथे भिंत कमकुवत झाली की ती रक्ताच्या दाबाने फुगते. सायकलच्या झिजलेल्या टायरमधून ट्यूब बाहेर यावी, तसे. शंभर प्रौढांपैकी सुमारे तिघांत असा फुगा असतो. बहुतेकांचा तो जन्मभर फुटत नाही. उच्च रक्तदाब व विडी-सिगारेट यांनी धोका वाढतो. तेंदूपत्ता तोडणाऱ्या आपल्या मुलखाने हे ध्यानात ठेवावे.

१९३७ साली अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावला. १९९० मध्ये ग्युग्लिएल्मी यांनी जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरली. फुग्याचे तोंड रुंद असेल तर वेटोळी बाहेर घसरतात. तेथे स्टेंट कामी येतो. ही जाळीदार नळी तोंडासमोर धमनीत उघडते व वेटोळी अडवून धरते. दाट विणीचा स्टेंट तर पुष्कळदा एकटाच पुरतो. रक्त सरळ पुढे जाते, फुग्यातले साकळते आणि काही महिन्यांत जाळीवर अस्तर चढते.

मात्र धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या मनाने सोडणे घातक. याच गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो; म्हणून फुटलेल्या फुग्यात डॉक्टर शक्यतो स्टेंट टाळतात. तेव्हा उपचार शहरात झाला, तरी तो टिकायचा तर गोळी खेड्यात रोज मिळायला हवी.

फुगा फुटला की पूर्वी कधी न झालेली डोकेदुखी एका क्षणात सुरू होते. उलट्या होतात, मान ताठते, शुद्ध हरपते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ‘ऊन लागले’ असे म्हणून आपण कांदा हुंगवत बसतो. पण पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त. अशा वेळी १०८ ला फोन करून, डोक्याचे सी.टी. स्कॅन जेथे होते तेथे रोग्याला न्यावे. आपल्याकडे रस्ता आधीच लांब आहे. निदान घरातून निघायला तरी उशीर होऊ नये, एवढे काम आपण कॉलेजात शिकणाऱ्यांनी आपापल्या गावी करावे.