जुन्या ट्रकचा चावीचा स्विच

तळेगाव ढमढेरे परिसरात ऊस-कांदा वाहणाऱ्या जुन्या डिझेल ट्रकमध्ये इंधन दाबाने तापलेल्या हवेमुळेच पेटते, त्यात स्पार्क प्लग वा कॉइल नसते. म्हणून ‘इग्निशन गेले’ याचा अर्थ बहुधा चावीच्या स्विचमधील संपर्कबिंदू झिजले किंवा जळाले, असा असतो. तरीही आधी बॅटरीची टोके आणि अर्थिंग तपासावे, कारण खर्च अनेकदा तिथेच वाचतो. चावीच्या स्विचचा मूळ संच महाग असल्यास साधा ऑन-ऑफ स्विच, स्टार्टरचे पुश बटण आणि रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, एवढ्यावर काम भागते. असे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळतात. मात्र रिले गाडीच्या १२ किंवा २४ व्होल्टशी जुळणाराच घ्यावा, आणि फ्यूज कधीही वगळू नये, अन्यथा वायरिंग पेटू शकते.