सांथीच्या दिवसांत घरबसल्या शास्त्राभ्यास

इमारतीवांचून शाळा चालूं शकते काय, हा प्रश्न एरवीं वादविवादसभेस शोभणारा; परंतु 2020 सालच्या मार्च महिन्यांत तो आपल्या राज्यांतील प्रत्येक घरापुढें प्रत्यक्ष येऊन उभा राहिला. कोरोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या, दहावीच्या परीक्षेचा भूगोलाचा पेपर आधीं लांबणीवर पडला व मागाहून रद्दच झाला, आणि मुलें घरीं बसलीं. भाषा व इतिहास हे विषय पुस्तकावर कसेबसे निभावतात. शास्त्राचें तसें नाहीं. त्या काळांत दुरून शास्त्र शिकण्याचे जे मार्ग निघाले, त्यांतील कोणते खरोखर उपयोगाचे व कां, याचा विचार आम्ही येथें करणार आहोंत. आणि उदाहरणादाखल आपल्याच अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील राळेगणसिद्धी हें गांव डोळ्यांसमोर ठेवणार आहोंत.

असा प्रसंग जगांत प्रथमच आला असें मात्र नाहीं. 1937 सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं पोलिओची सांथ आली, तेव्हां तेथें रेडिओवरून पाठ देण्यांत आले; वर्तमानपत्रें वेळापत्रक छापीत व मुलें घरीं बसून ऐकत. आपल्याकडे शिक्षणखात्यानें 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा करून मोबाइलवरून अभ्यास पाठविण्यास आरंभ केला, आणि 20 जुलै 2020 पासून दूरदर्शनच्या सह्याद्रि वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पाठ्यपुस्तकांत छापलेला क्यूआर कोड मोबाइलनें टिपला कीं पाठाचें सचित्र निवेदन समोर यावें, ही सोय सांथीपूर्वींच झाली होती. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनीं तिचा उपयोग आपल्या वर्गांत आधींपासून चालविला होता. 3 डिसेंबर 2020 रोजीं त्यांस 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झालें.

हे सर्व उपाय चांगलेच. पण ते यंत्रावर अवलंबून. 'असर' या नांवाच्या पाहणींत 2020 सालीं देशाच्या ग्रामीण भागांतील शाळकरी मुलांपैकीं शेकडा सुमारें 62 मुलांच्या घरीं स्मार्टफोन आढळला. 2018 सालीं हें प्रमाण शेकडा 36.5 होतें. वाढ मोठी खरी, पण उरलेल्या अडतिसांचें काय? आणि ज्या घरीं फोन आहे तेथेंहि तो बहुधा एकच. वडील तो घेऊन कांदा विकावयास गेले कीं बहीणभावांची शाळा त्या दिवसापुरती बुडाली.

आमच्या मतें याहूनहि मोठी उणीव दुसरीच आहे. पडद्यावर लिटमसचा रंग बदललेला पाहणें निराळें, आणि सदऱ्यावरील हळदीच्या डागास आपल्या हातानें साबण लावून तो लाल झालेला पाहणें निराळें. पहिल्यांत मूल प्रेक्षक असतें, दुसऱ्यांत शोधक. ज्यांनीं हें ओळखलें त्यांचें काम सांथींत टिकलें. श्री. अरविंद गुप्ता यांनीं सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगपेटीच्या काड्या यांपासून भूमितीच्या आकृत्या जोडण्याची युक्ति फार पूर्वीं काढली होती. पुढें पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टाकाऊ वस्तूंपासून शेंकडों खेळणीं तयार केलीं, आणि त्यांच्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य खुल्या ठेविल्या. अशी फीत अगदीं लहान असते. फोन तेवढ्यापुरता हातीं आला तरी पुरे. पुढचे दोन तास काम हातांना.

आतां राळेगणसिद्धीकडे वळूं. पर्जन्यछायेंतील या गांवांत 1975 पासून श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें ग्रामस्थांनीं नालाबांध व पाझर तलाव बांधून पावसाचें पाणी जमिनींत मुरविलें, हें सर्वश्रुत आहे. तेथील मुलास पाण्याचें शास्त्र शोधण्यासाठीं पुस्तकांत जावें लागत नाहीं. सरळ बाजूंची बाटली घेऊन तिचा वरचा भाग कापावा व नरसाळ्यासारखा उलटा बसवावा, बाहेरून फूटपट्टी लावावी, झालें पर्जन्यमापक. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरावर एक लिटर पाणी. तेव्हां दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद छपरावर दहा मिलिमीटरांची सर आली तर पांचशें लिटर पाणी पन्हळींतून वाहून गेलें. दर रविवारीं (वडील माणसास बरोबर घेऊनच) विहिरींत दोर सोडून पाण्याची पातळी मोजावी, व पाऊस आणि पातळी यांचा आलेख काढावा. मोठा पाऊस झाल्यावर किती दिवसांनीं विहिरीचें पाणी चढतें? याचें उत्तर कोणत्याहि पुस्तकांत छापलेलें नाहीं. तें त्या विहिरीपाशींच मिळेल.

2020 सालीं आकाशानेंहि मुलांवर कृपाच केली. 21 जूनचें कंकणाकृति सूर्यग्रहण आपल्याकडे खंडग्रास होतें. 21 डिसेंबरच्या संध्याकाळीं गुरु व शनि एकमेकांपासून अंशाच्या अवघ्या दहाव्या भागाइतके जवळ आले, जे 1623 नंतर कधीं आले नव्हते. सूर्याकडे मात्र नुसत्या डोळ्यांनीं केव्हांहि पाहूं नये. पुठ्ठ्यास टांचणीनें भोंक पाडून कागदावर पडणारें सूर्याचें बिंब तेवढें पहावें.

परंतु आम्हांस विशेष सांगावयाचें आहे तें सांवलीविषयीं. कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गांवीं वर्षांतून दोन दिवस सूर्य मध्यान्हीं नेमका डोक्यावर येतो, व उभ्या काठीची सांवली तिच्या बुडाशींच लुप्त होते. राळेगणसिद्धी सुमारें 18.9 उत्तर अक्षांशावर असल्यामुळें तेथें हा योग 15 मे व 28 जुलै यांच्या सुमारास येतो. मे महिन्यांत ती वेळ घड्याळांत बारा वाजतां नव्हे, तर बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांच्या सुमारास येते. कारण आपलें घड्याळ 82.5 पूर्व रेखांशाचें, आणि राळेगण त्याच्या पश्चिमेस आठ अंश.

समजा, राळेगणच्या एका मुलीची मामेबहीण बेळगांवीं राहते. दोन्हीं गांवें जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, व बेळगांव तेथून सरळ रेषेनें सुमारें 340 किलोमीटर दक्षिणेस. ज्या मिनिटास राळेगणीं सांवली नाहींशी होते, त्याच मिनिटास बेळगांवीं एक मीटर उंचीच्या काठीची सांवली दक्षिणेकडे सुमारें 5.4 सेंटीमीटर पडते. सूर्याचे किरण सर्वत्र समांतरच येतात. मग हा फरक कां? जमीन वांकलेली आहे म्हणून. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परिघ 628 सेंटीमीटर, त्यांत 5.4 सेंटीमीटर सुमारें 116 वेळां जातात. तितक्याच वेळां 340 किलोमीटर पृथ्वीच्या परिघांत जावयास हवेत. गुणाकार करावा: साडेएकोणचाळीस हजारांच्या आसपास उत्तर येतें, आणि ध्रुवांवरून जाणारा खरा परिघ सुमारें 40,000 किलोमीटर आहे! सांवलीची कडा अंधुक असल्यामुळें मापांत तीनचार मिलिमीटरांचा फरक सहज पडतो व उत्तर दोनतीन हजार किलोमीटरांनीं चुकतें. म्हणून काठी ओळंब्यानें उभी करावी व माप तिघांनीं निरनिराळें घ्यावें. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत एराटोस्थेनीस या ग्रीक पंडितानें इजिप्तमधील दोन नगरांच्या सांवल्यांवरून हेंच केलें होतें.

ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हा प्रयोग एका घरांत होतच नाहीं. ज्या अंतरानें मुलांस एकमेकांपासून तोडलें, तेंच अंतर येथें उपकरण बनतें. असल्या कामाचा भव्य नमुना पारनेरशेजारच्या जुन्नर तालुक्यांत खोडद येथें उभा आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारें 25 किलोमीटरांच्या टापूंत विखुरलेल्या असून, त्यांनीं टिपलेल्या रेडिओलहरी एकत्र आणल्या म्हणजे त्या एकाच प्रचंड दुर्बिणीचें काम देतात. ज्यांच्या प्रयत्नानें ती उभी राहिली ते प्रो. गोविंद स्वरूप सांथीच्या त्याच वर्षीं, 7 सप्टेंबर 2020 रोजीं, निवर्तले.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलास स्वतःचा स्मार्टफोन घेऊन देतां आला नाहीं म्हणून त्याचा शास्त्राभ्यास खुंटला असें मानूं नये. सांवलीचें माप व वेळ बेळगांवाहून कळविण्यास बटणांचा साधा फोन व अर्धें मिनिट पुरतें. काठी, दोरा, ओळंब्यासाठीं एक दगड व फूटपट्टी एवढी सामग्री आदल्या दिवशींच अंगणांत मांडून ठेवावी. आणि तारीख मे महिन्याची साधावी, कारण जुलैच्या अखेरीस आकाश बहुधा मेघांनीं झांकलेलें असतें.